सासरा पुढं, सून मागं

उदगीरच्या त्या गल्लीत आजही कुणाला विचारा, उज्वला कोणती, तर लोक घर दाखवत नाहीत, गोष्ट सांगतात. ‘ती व्हय? मडिवाळप्पाची सून. पोटुशी असताना सासऱ्याला काठी घेऊन गच्चीवर पळवायची. रोज. म्हातारं पुढं, ही मागं!’

ही बातमी पेरली शरणम्मानं. शरणम्मा म्हणजे शेजारची गच्ची. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळं बंद होतं, फक्त दूध, औषधं आणि शरणम्माचं तोंड चालू होतं. तिनं कपडे वाळत घालता घालता ते दृश्य मोबाईलवर टिपलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. तो व्हिडिओ कंधारला पोचेपर्यंत काठीची कुऱ्हाड झाली होती. हदगावला गेला तेव्हा सासरा दोनदा पडून उठला होता. आणि लातूरला वळसा घालून परत उदगीरला आला तेव्हा खुद्द मडिवाळप्पांनाच एका लांबच्या पाव्हण्याचा फोन आला.

‘आप्पा, तुमच्या उदगीरच्या त्या म्हाताऱ्याचं ऐकलं का? सुनेनं लई हाणलं म्हणं. दवाखान्यात हाय.’

‘अरारा! कोणच्या दवाखान्यात?’ मडिवाळप्पांनी काळजीनं विचारलं.

तर खरं काय ते एकदाचं सांगून टाकलेलं बरं. काठी होती, हे खरं. सासरा पळत होता, हेही खरं. सून मागं होती, हेही खरंच. फक्त ती त्यांना पळवत नव्हती. तिला पुढं जायचं होतं.

उज्वला मूळची कंधारची. गोडाचं नाव काढलं की तिचे डोळे आधी हसायचे, तोंड मागून. स्वतःच्या लग्नात, अंगावर शालू आणि कपाळावर बाशिंग असताना, तिनं वाढप्याला खुणेनं तिसऱ्यांदा बालूशाही मागितली होती आणि ते व्हिडिओत आलं आहे. तिच्या चहात साखर विरघळत नसे, तळाशी बसून राही. चहा पिऊन झाला की ती ती साखर बोटानं काढून खायची आणि मग म्हणायची, ‘आता झाला चहा.’

सासरचं घर लिंगायत, माणसं थोडी. नवरा शिवकुमार, बोलायला बिचारा इतका कमी की लॉकडाऊनमध्ये मास्क लावला तरी त्याच्यात फरक पडला नाही. सासू नीलम्मा, माहेर बिदरकडचं, त्यामुळे लाड मराठीत आणि राग कानडीत. सासरे मडिवाळप्पा, बाजारात किराणा दुकान, पण जीव सगळा गुळात. आणि नणंद अंजू, भूगोलाचा पेपर न देताच दहावी पास झालेली, जिला सगळ्यांच्या नकला करायची खोड. हे लिहिणारीही तीच, पण तिचं काम शेवटी येईल.

ह्या घरात एक रीत होती. सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण नव्हे, मान. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच असलं तर मध्ये सासू. मडिवाळप्पा खाटेवर, उज्वला स्वयंपाकघराच्या दारात आणि नीलम्मा अधेमधे. दोन हात लांब राहा असं सरकारनं नंतर सांगितलं. ह्या घरात ते आधीपासून चालू होतं.

‘मामी, मामांना इचारा, चहा ठेवू का?’

नीलम्मा वळायची. ‘ऐकलंव का? चहा ठेवू का म्हणती.’

‘ठेव म्हणावं.’

‘ठेव म्हणत्यात.’

तिघांनाही पहिल्या खेपेलाच सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी पत्र टपालानंच जायचं.

सहावा महिना सरत आला तेव्हा डॉक्टर सुकन्या मॅडमनी उज्वलाला तपासणीला बोलावलं. ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. सगळ्या बायका ते नाक दाबून पितात. उज्वलानं पिऊन विचारलं, ‘अजून हाय का?’ तिथंच मॅडमना शंका यायला हवी होती. दोन तासांनी रक्त घेतलं आणि संध्याकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. तोंडाला दोन मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. आवाज रांजणातून यावा तसा.

‘हे बघा, घाबरायचं नाही. गरोदरपणात काही जणींची साखर वाढते. तुमची वाढलीय. बाळंतपणानंतर बहुतेक वेळा उतरते. पण आत्ता सांभाळली नाही तर बाळ पोटात जास्त मोठं होतं, मग अडचण. गोड पूर्ण बंद. जेवण मोजून. जेवल्यावर चालायचं, जरा झपाझप. आणि मशीनवर रोज साखर बघायची. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, जेवल्यावर दोन तासांनी एकशेवीसच्या आत.’

‘आणि न्हाई आली तर?’

‘तर इन्सुलिन देऊ. त्यात वाईट काही नाही. पण मग बाळंतपण मी इथं करणार नाही. माझा दवाखाना लहान. लातूरला मोठ्या दवाखान्यात नाव घालावं लागेल. तिथं सध्या बाईबरोबर कुणालाच आत घेत नाहीत. पुढच्या महिन्यात आकडे बघून ठरवू.’

उज्वला येताना गाडीवर गप्प होती. नवरा गप्प असतोच, त्यामुळे त्याला कळलंच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, असं लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. पण कंधार पडलं नांदेड जिल्ह्यात, मध्ये जिल्ह्याची हद्द, हद्दीवर पोलीस. आई म्हणून उरली ती फोनवरची. आता ह्यात लातूर निघालं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकटीनं, ओळखीचं एक तोंड नाही, असलं तरी मास्कमध्ये. उज्वलाला हे जग जिंकायचं वगैरे नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की बाळ उदगीरला व्हावं आणि दाराबाहेर नीलम्मा तिच्या त्या कानडी-मराठी आवाजात देवाला ओरडत असावी.

घरी आल्यावर नीलम्मानं निरोप पोचवला. ‘डॉक्टरीणबाईनं साखर बंद सांगितली.’

मडिवाळप्पा खाटेवरून ताडकन उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांची केस जिंकल्याचा आनंद होता.

‘म्या कवापासून बोंबलून राहिलो! साखर वाईट, साखर वाईट! कुणी ऐकलं? आता डॉक्टरीणबाई बी तेच म्हणून राहिली. आजपासून ह्या घरात साखरेचा दाणा दिसाया न्हाई पाहिजे.’

साखरेचा डबा गेला. त्याच्या जागी ढेप आली. पिवळीधमक, दोन हातांत न मावणारी. मडिवाळप्पांनी तिला नुसती टिचकी मारून आवाज ऐकवला, ‘बघा, कसा खणखणीत हाय.’ चहा गुळाचा झाला. चपातीबरोबर गूळ-तूप आलं. पाण्याबरोबर गुळाचा खडा आला, ‘उन्हाळ्याचं असू द्या.’

उज्वला बी.ए.पर्यंत शिकलेली. ती दारात येऊन उभी राहिली.

‘मामी, मामांना सांगा, गुळात बी साखरच असती.’

‘ऐकलंव का? म्हणती, गुळात बी साखरच असती.’

‘तिला सांग, कंधारच्या गुळात असंल.’

‘म्हणत्यात, कंधारच्या...’

‘ऐकलं मामी.’

‘डॉक्टरीणबाईनं गुळाचं नाव घेतलं का? इचार तिला.’

नव्हतं घेतलं. मॅडमनी ‘गोड’ म्हटलं होतं, नीलम्मानं ते ‘साखर’ करून पोचवलं होतं आणि मॅडमचा फोन दिवसभर लागत नव्हता. त्यातच अमावस्या आली आणि नीलम्मानं सुनेसाठी खास हुग्गी केली. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची, गुळाची घट्ट खीर, वर तूप इतकं की चमचा घसरावा. नीलम्मा वाटी घेऊन समोर उभी. ‘खा गं माझी बाई. बिनसाखरेची हाय.’ उज्वलानं खाल्ली. जीव तृप्त झाला आणि दोन तासांनी मशीन बघितलं तर एकशे शहाऐंशी.

मडिवाळप्पांनी निकाल दिला. ‘मशीन खोटं हाय. चीनचं असंल. तिकडूनच आलाय की ह्यो सगळा पसारा.’

तेव्हा उज्वला पहिल्यांदा चिडली. पदर नीट केला, नजर खालीच ठेवली, पण आवाज वर गेला.

‘मामी, मामांना सांगा, मशीन खोटं असंल तर त्यांनी सोता बोट द्यावं!’

हे टपाल नीलम्मानं पोचवायच्या आधीच मडिवाळप्पांनी बोट पुढं केलं. ‘घे! एक न्हाई, धा घे!’ आधी बाकीच्यांची झाली. शिवकुमारची सरळ, त्याच्यासारखीच. अंजूची सरळ. नीलम्मा ‘शिवा शिवा’ म्हणत टोचून घ्यायला बसली आणि तिचीही सरळ निघाली. मग मडिवाळप्पा. दोन वाट्या हुग्गी खाल्लेले मडिवाळप्पा.

मशीननं जरा वेळ घेतला. मग आकडा दाखवला. तीनशे बारा.

सगळे आधी मशीनकडं, मग मडिवाळप्पांकडं बघायला लागले.

‘पुन्यांदा,’ मडिवाळप्पा म्हणाले. दुसऱ्या बोटातून तीनशे आठ.

‘बघा, उतरली की!’ मडिवाळप्पा म्हणाले.

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर झापझाप झापलं, गोळ्या लिहून दिल्या, गूळ बंद केला आणि चालायला सांगितलं. त्या संध्याकाळी मडिवाळप्पा ढेपेसमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी तिला टिचकी मारली नाही. नुसते बघत होते. नीलम्मानं डोळे पुसले आणि ढेप उचलून माळ्यावर टाकली. ‘साकु आता,’ म्हणाली, म्हणजे पुरे. कानडीत आली म्हणजे विषय संपला.

त्याच रात्रीच्या जेवणाला उज्वलाच्या ताटात अर्धी भाकरी, वाटीभर मेथी, मोडाचे मूग आणि ताक. तिनं ताटाकडं अशा नजरेनं पाहिलं की अंजूला राहवलं नाही.

‘वहिनी, तुज्यानं न्हाई व्हायचं हे. आठ दिवसांत कुठंतरी तोंड मारशील.’

‘न्हाई मारणार.’

‘अगं, तू कफ सिरप सुद्धा चाटून खातीस.’

‘लाव पैज. बाळ हातात येईस्तोवर गोडाचा कण जिभेवर ठेवणार न्हाई. ठेवला तर माजा मोबाईल तुजा. न्हाई ठेवला तर तू एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, कुणाची नक्कल करायची न्हाई. सोताच्या आवाजात बोलायचं.’

अंजूला ही पैज नव्हे, मोबाईलच हातात आल्यासारखं वाटलं. तिनं मनातल्या मनात कव्हरचा रंगसुद्धा ठरवला.

आता चालायचं कुठं? रस्त्यावर पोलीस, चौकात काठ्या. राहिली गच्ची. सासऱ्यालाही गच्ची, सुनेलाही गच्ची, आणि दोघांनाही जेवल्यावर लगेच. आता इथं रीत आडवी आली. सुनेनं सासऱ्याच्या पुढं चालायचं तर त्यांना पाठ दाखवावी लागते. उलट्या दिशेनं फेऱ्या मारायच्या तर प्रत्येक फेरीला तोंडासमोर तोंड. म्हणून उज्वला मागून चालायला लागली. डोक्यावर पदर, तोंडाला मास्क, हातात वानरं हाकलायची काठी, कारण गच्चीवर नीलम्माचे कुरडया-पापड वाळत होते आणि गल्लीतली वानरं लॉकडाऊन मानत नव्हती.

मडिवाळप्पांची चाल म्हणजे भरल्या पोटाच्या नंदीची. एक पाऊल, एक ढेकर, आभाळाकडं बघणं, मग दुसरं पाऊल. मॅडमनी उज्वलाला झपाझप सांगितलं होतं. ती दोन पावलांत सासऱ्याच्या टाचेला यायची आणि थांबायची. वाट मागायची तर बोलायचं नाही. मग सुना करतात तेच तिनं केलं. हळूच खाकरली.

त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी मोबाईलमधून खोकला ऐकू यायचा आणि मग सरकारी सूचना. मडिवाळप्पा रोज दुकानासाठी शंभर फोन लावायचे. मागून खोकला आला की काय समजायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. धोतराचा सोगा हातात धरला आणि सुटले.

उज्वलाला वाटलं, वाह, मामांना वाटेचं कळलं, म्हणून तेही झपाझप चालायला लागले. तीही वेग वाढवून मागं. वेगानं चालल्यावर धाप लागली, धाप लागल्यावर खरोखरचा खोकला आला. मडिवाळप्पा पळायला लागले. पाण्याच्या टाकीला वळसा, कुरडयांवरून उडी, जिन्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकत तिथंच बसकण. आता ते वाटेतच बसल्यामुळे उज्वलाला मागं थांबावं लागलं. ते उठले की पुन्हा चालणं, पुन्हा खाकरणं, पुन्हा पळापळ.

‘नीले,’ रात्री ते बायकोला कुजबुजले, ‘सुनेला खोकला हाय. सांगून नको राहू कुणाला. पत्रा ठोकतील दाराला.’

नीलम्मानं सुनेच्या कपाळाला हात लावून बघितला. थंड. तरी काढा सुरू झाला. काढा बिनगुळाचा, म्हणजे नुसती शिक्षा.

आणि त्याच आठवड्यात शरणम्मानं कपडे वाळत घालता घालता मोबाईल काढला.

अफवा फिरत होती तेव्हा उज्वलाला तिची काळजी नव्हती. तिला मशीनची काळजी होती. हे असं पळ-थांब, पळ-थांब करून तिचं चालणं होतच नव्हतं. दुपारची साखर एकशे एकोणतीस, रात्रीची एकशे चौतीस. खाणं काटेकोर असूनही. मॅडमकडं जायचा दिवस जवळ आला होता आणि तो आकडा दिसला की तिला लातूरचा तो लांबलचक, अनोळखी व्हरांडा दिसायचा.

मग एक दिवस जेवल्यावर ती गच्चीवर गेली. मडिवाळप्पा पुढं. ती खाकरली. ते सुटले. टाकीला वळसा घालून जिन्याच्या तोंडाशी आले आणि बसणार एवढ्यात मागून आवाज आला, असा की शरणम्माच्या हातातला चिमटा खाली पडला.

‘मामा! म्या खोकून न्हाई राहिले! वाट मागून राहिले!’

मडिवाळप्पा जागच्या जागी थिजले. दोन वर्षांत ही मुलगी त्यांच्याशी थेट कधी बोलली नव्हती. नीलम्मा जिन्यात होती, तिनं सवयीनं तोंड उघडलं, ‘ऐकलंव का? म्हणती...’

‘ऐकलं,’ मडिवाळप्पा म्हणाले. मग बराच वेळ धापा टाकून झाल्यावर, ‘मग तसं सांगायचं की पोरी! आठ दिस झाले मी यमाच्या पुढं पळून राहिलोय असं वाटलं मला!’

‘कसं सांगू? तुमच्याशी बोलायचं न्हाई ना.’

‘आन मागं काठी कशाला धरलीस?’

‘वानराला.’

‘मला वाटलं मलाच.’

उज्वला हसली. मास्क आणि पदराच्या मधून फक्त डोळे दिसत होते, पण हसले आधी तेच. मडिवाळप्पा बाजूला सरकले, हात पुढं करून म्हणाले, ‘चल, तू हो पुढं. तू मागं असलीस की माजं काय खरं न्हाई.’

तेव्हापासून गच्चीवर सून पुढं आणि सासरा मागं. शरणम्मानं त्याचाही व्हिडिओ काढला, पण तो कुणीच पुढं पाठवला नाही. म्हातारा सुनेमागं शांतपणे चालतोय, ह्यात बघायचं काय?

आकडे उतरायला लागले. एवढंच नाही, घरात शर्यत लागली. सकाळी उज्वलाचं मशीन आधी, मग मडिवाळप्पांचं.

‘माजी एक्क्याण्णव, मामा.’

‘माजी एकशे सत्तर. पण म्या म्हातारा हाय, माज्यातली पन्नास वजा कर.’

‘तसं न्हाई चालत.’

‘दुकानात चालतंय.’

नीलम्माला मात्र करमेना. टपालच बंद पडलं होतं. ती अधूनमधून उगीच म्हणायची, ‘ऐकलंव का, ती म्हणती...’ आणि दोघंही म्हणायचे, ‘ऐकलं, ऐकलं.’

सातव्या महिन्यात डोहाळजेवण आलं. दुसऱ्याच दिवशी मॅडमकडं जायचं होतं. बाहेरच्या म्हणून शरणम्मा एकटीच, ती व्हिडिओमुळे शरमून आली होती, आणि कंधारहून उज्वलाची आई तुळजाबाई मोबाईलवर, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. पाटाभोवती रांगोळी, उज्वलाला हिरवी साडी, फुलांचे दागिने. आणि शेवटी ती रीत. दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. एक झाकण उघडायचं. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आणि जे निघेल ते सगळ्यांसमोर खायचं. नाही खाल्लं तर अपशकुन.

पेढा-बर्फी शरणम्मानंच आणली होती. घरच्या खव्याची. तिनं वाट्या भरून स्वयंपाकघरात झाकून ठेवल्या तेव्हा वास पाटापर्यंत आला. उज्वलाचे डोळे मिटले. अंजूनं मनात मोबाईलला कव्हर चढवलं. नीलम्माच्या कपाळावर घाम. खाल्लं तर उद्या मॅडम. नाही खाल्लं तर अपशकुन. ‘जरासं खाईल की,’ शरणम्मा म्हणाली. ‘एका पेढ्यानं काय व्हतंय? आमच्या टायमाला कुठं होतं मशीन?’

मडिवाळप्पा पडद्याबाहेर. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष येत नाहीत. ते पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आले, ह्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

वाट्या आल्या. उज्वलानं दोन्हीकडं पाहिलं, हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. मोबाईलमधून तुळजाबाई ओरडल्या, ‘अगं उघड की! नेट जाईल!’

उज्वलानं झाकण उचललं. आत फुटाणे.

‘काय निघालं?’ तुळजाबाई. ‘पेढा का बर्फी?’

‘फुटाणे, आई.’

‘फुटाणे म्हंजी काय? पोरगा का पोरगी?’

कुणालाच माहीत नव्हतं. शरणम्मानं घाईघाईनं दुसरं झाकण उघडलं. आत काकडीच्या चकत्या.

‘काकडी हाय!’

‘काकडी म्हंजी?’

‘फुटाणे आन काकडी म्हंजी जुळे!’ शरणम्मानं जाहीर केलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत उज्वलाला जुळी होणार होती.

उज्वलानं फुटाण्याची वाटी मटामटा संपवली. रीत पाळली गेली. पडद्याबाहेरून खोकल्याचा आवाज आला, पण ह्या वेळी तो वाट मागण्याचा नव्हता, हसू दाबण्याचा होता. पेढा आणि बर्फी कुठं गेली हे दुसऱ्या दिवशी सकाळी मडिवाळप्पांच्या मशीननं सांगितलं. दोनशे चौसष्ट.

‘नातवंडासाठी केलं म्या,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी खायाच पाहिजे हुतं.’

नीलम्मा अर्धा तास नुसती कानडीत बोलत होती.

मॅडमनी आकडे पाहिले, प्लास्टिकचा पडदा वर केला, दोन्ही मास्क खाली ओढले आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. ‘छान आटोक्यात आहे. हे असंच शेवटपर्यंत ठेवलंत, तर लातूरला जायची गरज नाही. इथंच करू.’

उज्वलानं फक्त मान हलवली. बाहेर येऊन शिवकुमारच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की तो चक्क बोलला. ‘आई गं,’ म्हणाला.

शेवटचे महिने असेच गेले. अंजूनं जमेल तेवढे सापळे लावले. दप्तरातलं चॉकलेट उघडं ठेवलं. आंबे आले तेव्हा वहिनीच्या नाकासमोर फोडी केल्या. एकदा तर सुकन्या मॅडमच्या आवाजात, तोंडावर स्टीलची वाटी धरून, दुसऱ्या खोलीतून फोन केला, ‘एक जिलेबी चालेल हं उज्वला.’ पलीकडून उज्वला शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, वाटी खाली ठेवा, भांडी घासायचीत.’

मुलगी झाली. एकच, जुळी नाही. उदगीरलाच. वजन बरोबर, साखर बरोबर, आवाज शरणम्माएवढा. नीलम्मा दाराबाहेर रेनकोट आणि हेल्मेट घालून उभी होती आणि दोन्ही भाषांत देवाला ओरडत होती, इतकं की नर्सनं आतून दोनदा गप्प बसायला सांगितलं. उज्वलानं तो आवाज ऐकला आणि मग कशाचीच भीती वाटली नाही, असं ती नंतर म्हणाली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर उज्वला, थकलेली, कुशीत गुंडाळलेलं लालबुंद बाळ.

‘अंजू, नीट बघून घे. बाळ हातात हाय का न्हाई?’

‘हाय,’ अंजू म्हणाली.

‘आन मी अजून बी पेढा खाल्लेला न्हाई. सहा आठवड्यांनी मॅडम पुन्यांदा तपासणार हायत, तवर खाणार बी न्हाई. पण तुजा दिवस उद्या.’

दुसऱ्या दिवशी अंजू उठली आणि स्वतःच्या आवाजात आईला म्हणाली, ‘अव्वा, मला चहा दे.’

नीलम्मा रात्रीच दवाखान्यातून घरी आली होती. ती वळली आणि तिच्या हातातलं पातेलं थांबलं. एवढ्या वर्षांत पोरीनं चहा मागितला होता तो कधी शरणम्माच्या, कधी शिक्षकांच्या, कधी बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. हा आवाज तिनं ओळखलाच नाही.

‘घसा बसला का गं तुजा?’

‘न्हाई अव्वा. हा माजाच आवाज हाय.’

‘अय्य शिवा! आवाजच बदललाय की! घरात बाळ येणार हाय उद्या!’

आणि पुढचं कुणाला थांबवता आलं नाही. अंजू मागच्या खोलीत कोंडली गेली. दाराबाहेर काढा, पाटावर पाण्याचं पातेलं, डोक्यावर टॉवेल. मडिवाळप्पा लांबूनच ओरडून गेले, ‘घाबरू नको, मशीनवर बघू का?’ हा आजार नव्हे, पैज आहे, हे पटवायचं तर कुणाची तरी नक्कल करून दाखवावी लागली असती, नाहीतर कुणी विश्वासच ठेवला नसता. म्हणून अंजू दिवसभर स्वतःच्या आवाजात गप्प बसली.

दुपारी दाराबाहेर चप्पल वाजली. ‘अंजूऽऽ! वाफ घेतलीस का गं? टॉवेल नीट घे डोस्क्यावरून! बेडा-न्हाई म्हणू नको!’

‘घेतली गं अव्वा!’ अंजू वैतागून ओरडली.

बाहेर कुणीतरी हसलं. ते हसणं अव्वाचं नव्हतं. दाराच्या फटीतून मोबाईल आत सरकला, स्पीकर चालू. पडद्यावर दवाखान्याच्या पलंगावर उज्वला, आणि तिनं पुन्हा एकदा, हुबेहूब नीलम्माच्या आवाजात विचारलं, ‘आन ऊटा आयता? जेवलीस का न्हाई?’ मोबाईल धरून दाराबाहेर उभा असलेला शिवकुमार खदाखदा हसत होता. अंजूच्या जिभेवर शरणम्मा आली होती, मॅडम आली होती, आप्पा आले होते. पण पैजेचा दिवस अजून संपला नव्हता.